संकेतस्थळ-रचनेची पेढी : एका नव्या उद्योगाचा पूर्ववृत्तांत

कोणत्याही समाजाच्या उत्कर्षाचा विचार करताना त्यातील तरुण मंडळी कोणत्या उद्योगधंद्यात पडत आहेत, आणि त्या धंद्याचे मर्म घरच्या वडीलधाऱ्यांस कितपत ठाऊक आहे, हे पाहणे अगत्याचे असते. आपल्या ज्ञातीच्या वधू-वर सूचीत अलीकडे ‘वेब डिझायनर’, ‘वेब डेव्हलपर’, ‘स्वतःची डिझाइन एजन्सी’ असे उल्लेख वारंवार आढळू लागले आहेत. वकील, शिक्षक, बँकेतील अधिकारी वा दुकानदार म्हटले की त्या मनुष्याचा दिवस कसा जातो, त्याची मिळकत कोठून येते आणि त्याच्या धंद्यात जोखीम कोणती, हे आपणांस चटकन उमगते. परंतु चारपाच तरुणांनी दोन खोल्यांत संगणक मांडून चालविलेली संकेतस्थळ-रचनेची पेढी म्हणजे नेमके काय, हे पुष्कळांस उमगत नाही. मग एकतर त्या व्यवसायाविषयी अवास्तव कौतुक वाटते, नाहीतर अकारण अविश्वास. दोहोंचे मूळ अज्ञानात आहे. यास्तव या उद्योगाचा थोडक्यात इतिहास सांगून त्यातून निघणारा बोध ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

छापखान्याचा धाकटा भाऊ

या धंद्याचे स्वरूप समजण्यास छापखान्याची उपमा सर्वांत सोयीची. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले; लहानपणी मिशनच्या छापखान्यात कामास लागलेले जावजी दादाजी पुढे स्वतःच्या टाइपांच्या कारखान्याचे आणि १८६९ साली निर्णयसागर छापखान्याचे धनी झाले. या पुरुषांपाशी आरंभी मोठे भांडवल नव्हते. हातची कला, नजर आणि चिकाटी होती. गिऱ्हाइकाने मजकूर आणून द्यावा, छापखान्याने त्याची अक्षरे निवडावीत, पानाची मांडणी करावी, मुद्रिते तपासून घ्यावीत आणि ठरल्या दिवशी माल हाती द्यावा, ही त्या धंद्याची रीत होती.

संकेतस्थळ-रचनेच्या पेढीची रीत हुबेहूब हीच आहे. मजकूर गिऱ्हाइकाचा, मांडणी पेढीची. भेद इतकाच, की छापलेला कागद एकदा हातावेगळा झाला की त्याची जबाबदारी संपते. संकेतस्थळ मात्र हातावेगळे झाल्यावरच खऱ्या अर्थाने चालू लागते. त्याचे नाव दरवर्षी नूतनीकृत करावे लागते, ते ज्या यंत्रावर ठेवले आहे त्याचे भाडे भरावे लागते, त्यातील आज्ञावली अद्ययावत ठेवावी लागते आणि चोरांपासून त्याचे रक्षण करावे लागते. छापील पुस्तकापेक्षा ते नांदत्या घरासारखे अधिक आहे.

व्यवसायाचा उगम

या सर्वांचे मूळ जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेत आहे. तेथे काम करणारे इंग्रज संगणकतज्ज्ञ टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये निरनिराळ्या संगणकांवरील कागदपत्रे एकमेकांस जोडण्याची योजना मांडली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये तिची माहिती जगास मिळाली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी ‘सर्न’ने हे तंत्र कोणासही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. हा दिवस आमच्या मते फार महत्त्वाचा. या तंत्रावर कर अथवा मक्ता बसता, तर खेड्यापाड्यातील तरुणाने दोन संगणकांवर पेढी उघडण्याची गोष्ट स्वप्नवतच राहिली असती.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून ‘मोझाइक’ हा न्याहाळक बाहेर पडला. मजकुराच्या बरोबरीने त्याच पानावर चित्रे दाखविण्याची त्याची सोय लोकांस भावली. तोवर जे विद्वानांचे साधन होते त्यात व्यापाऱ्यांस रस वाटू लागला. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ हे नियतकालिक संगणकावर अवतरले आणि त्यावर रोख पैसे घेऊन जाहिरातींच्या पट्ट्या झळकल्या. जाहिरात आली, की ती रेखणारा आला. आणि गिऱ्हाईक आले, की पेढी आली. येणेप्रमाणे १९९४-९५ च्या सुमारास या उद्योगाचा जन्म झाला.

त्या काळच्या कारागिरांची अडचण आज ध्यानात येणे कठीण. घरोघरी जोडणी टेलिफोनच्या तारेवरून असे. सेकंदास २८.८ किलोबिट या वेगाने १०० किलोबाइटचे एक चित्र उतरण्यास सुमारे अर्धा मिनिट लागे. तेवढ्या वेळात वाचक कंटाळून निघून जाई. म्हणून चित्रातील रंग कमी करणे, एकच चित्र चार ठिकाणी वापरणे, अशी काटकसर ही कलेचाच भाग होती. शिवाय पान मांडण्याचे खरे साधनच नव्हते. आकडेवारीसाठी असलेल्या कोष्टकांच्या चौकटी अदृश्य करून त्यांत मजकूर आणि चित्रे बसवावी लागत. हाकॉन व्यूम ली यांनी १९९४ साली सुचविलेली ‘सीएसएस’ ही मांडणीची स्वतंत्र पद्धती १९९६ च्या डिसेंबरात मान्य झाली. पण नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांचे न्याहाळक तिचा अर्थ निरनिराळा लावीत, आणि एकाच कामाच्या दोन प्रती करण्याचा भुर्दंड पेढ्यांवर पडे. १९९८ साली काही कारागिरांनीच एकत्र येऊन ‘वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट’ ही चळवळ उभारली आणि सर्वांनी एकच नियमावली पाळावी असा आग्रह धरला. त्यातील एक अग्रणी जेफ्री झेल्डमन यांनी १९९९ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘हॅपी कॉग’ ही लहानशी पेढी काढली व २००३ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. व्यवसायबंधूंनी आपसांतील चढाओढ बाजूस ठेवून मापे ठरविली, तरच धंदा नांदतो, हे आपल्या जुन्या महाजनांस ठाऊक असलेले सत्य येथेही प्रत्ययास आले.

भरती आणि ओहोटी

याच काळात दुसऱ्या प्रकारच्या पेढ्यांची भरती आली. १९९५ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ डॅकिस आणि क्रेग कनारिक या दोघा मित्रांनी ‘रेझरफिश’ ही पेढी एका राहत्या घरात सुरू केली. कामे उत्तम होती, नाव झाले. एप्रिल १९९९ मध्ये तिचे भाग बाजारात आले आणि त्याच वर्षी स्वीडनची ‘स्प्रे’ आणि अमेरिकेची ‘आय-क्यूब’ या संस्था तिने पदरात घेतल्या. इकडे भागांची किंमत चढत होती, तिकडे गिऱ्हाइकांपैकी पुष्कळ कंपन्या स्वतःच लोकांच्या उसन्या पैशावर जगत होत्या. २००० सालच्या एका दूरचित्रवाणी-मुलाखतीत आपली कंपनी नेमके काय करते हे साध्या शब्दांत सांगणे उभय संस्थापकांस जमले नाही, आणि ती मुलाखत पुढे त्या सबंध काळाचे प्रतीक होऊन बसली.

१० मार्च २००० रोजी अमेरिकेतील ‘नॅसडॅक’ निर्देशांक ५,०४८ वर पोचला होता. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर आला. उसन्या पैशावरील गिऱ्हाइके बुडाली आणि त्यांच्यावर विसंबलेल्या पेढ्याही बुडाल्या. २००१ मध्ये ‘रेझरफिश’चे दोन्ही संस्थापक कारभारातून दूर झाले आणि पुढल्या वर्षी ती संस्था दुसऱ्याच्या हाती गेली. अनेक पेढ्यांच्या एकीकरणातून मार्च २००० मध्ये जन्मलेल्या ‘मार्चफर्स्ट’ या अवाढव्य कंपनीने तर एप्रिल २००१ मध्येच दिवाळे जाहीर केले. जेमतेम वर्षाचे आयुष्य!

या कंपन्यांतील कारागीर अकुशल होते असे मुळीच नाही. त्यांच्या हातची कला अस्सल होती. परंतु वाढीचा वेग कामावरून न ठरता बाजारातील भावावरून ठरू लागला, हे नाशाचे कारण झाले.

शिकागोची एक लहान पेढी

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १९९९ साली शिकागो शहरी जेसन फ्राइड, कार्लोस सेगुरा आणि अर्नेस्ट किम यांनी ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ नावाची पेढी काढली. खगोलशास्त्रज्ञ पॉल होरोवित्झ यांनी परग्रहावरील बुद्धिमान जीवांचे असू शकतील असे मानलेले आकाशातील ३७ रेडिओ-संकेत, त्यांवरून हे नाव. पेढीने आरंभी आपले चित्रविचित्र नमुने न मांडता ३७ लहान टिपणांत आपली तत्त्वे मांडली : साधेपणा, स्पष्टता, वाचकाची सोय. दोन भागीदार पुढे वेगळे झाले, पण पेढी टिकली; कारण ती लहान होती आणि खर्च बेताचा होता.

कामे वाढली तशी एक नेहमीची अडचण उभी राहिली. कोणत्या गिऱ्हाइकाने काय सांगितले, कोणती दुरुस्ती मान्य झाली, पुढची तारीख कोणती, हे सर्व ई-पत्रांच्या गुंत्यात हरवू लागले. तेव्हा पेढीने स्वतःच्या सोयीसाठी एक साधन तयार करविले. ते रचणारा डेव्हिड हाइनमायर हॅन्सन हा तरुण तेव्हा डेन्मार्कमध्ये विद्यार्थी होता. शिकागो आणि त्याच्यामध्ये सात तासांचे अंतर, आणि या कामासाठी त्याच्यापाशी आठवड्यास दहा तास. वेळ थोडा, म्हणून अनावश्यक ते सारे गाळावे लागले. आणि हेच त्या साधनाच्या पथ्यावर पडले. गिऱ्हाइकांनी ते पाहून आपल्यालाही हवे असे म्हटले. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘बेसकँप’ या नावाने ते मासिक वर्गणीवर खुले झाले. सुमारे वर्षभरात त्याचे उत्पन्न गिऱ्हाइकांच्या कामाहून अधिक झाले आणि पेढीने बाहेरची कामे घेणे सोडून दिले. ते साधन रचताना तयार झालेला पाया त्याच वर्षी ‘रूबी ऑन रेल्स’ या नावाने सर्वांस मोफत देण्यात आला. ‘शॉपिफाय’ आणि ‘गिटहब’ यांसारख्या मोठ्या संस्था पुढे त्याच पायावर उभ्या राहिल्या.

या पेढीने आठवड्यास चाळीस तासांहून अधिक काम नको, उन्हाळ्यात चारच दिवस काम, अशी शिस्त घालून घेतली व त्यावर पुस्तकेही लिहिली. तथापि तिचे चित्र निष्कलंक रंगविणे इतिहासास धरून होणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये चालकांनी कचेरीतील राजकीय व सामाजिक चर्चेवर निर्बंध जाहीर केले, तेव्हा सुमारे साठ माणसांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश माणसे काम सोडून गेली. माणसे थोडी असली म्हणजे मने आपोआप जुळतात असे नव्हे. उलट लहान घरातील भांडण सर्व खोल्यांत ऐकू येते.

पेढीतील कामाची रीत

अशा पेढीत दिवस कसा जातो, हे आता सांगितले पाहिजे. प्रथम गिऱ्हाइकाशी बैठक होते. त्यास काय हवे याहून त्याच्या गिऱ्हाइकास काय हवे, हे काढून घेणे यात खरे कौशल्य. नंतर अंदाजपत्रक, ते मान्य होऊन आगाऊ रक्कम हाती आली, की पानांचा आराखडा तयार होतो. त्यावर रेघांनी काढलेला कच्चा सांगाडा, मग रंग आणि अक्षरे यांसह नमुना, मग प्रत्यक्ष आज्ञावली, मग निरनिराळ्या यंत्रांवर तपासणी. २००७ साली आयफोन आल्यापासून पान लहान पडद्यावरही नीट दिसावे लागते. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी एकच पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपणहून बदलेल अशी रीत मांडली आणि ती सर्वत्र रूढ झाली.

या कामात वेळ कोठे जातो असे विचारल्यास कोणताही कारागीर एकच उत्तर देईल : मजकुराची वाट पाहण्यात! नमुना तयार असतो, पण ‘आमच्याविषयी’ या पानासाठी चार ओळी गिऱ्हाइकाकडून महिनोन् महिने येत नाहीत. दुसरी गळती ‘एवढे जरा करून द्या’ या वाक्याची. करारात नसलेली लहान लहान कामे एकत्र केली, तर नफा कधी संपला ते कळतही नाही. म्हणून कोणते काम किमतीत धरले आहे आणि कोणते नाही, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे सर्व आरंभी लिहून घेणे, यास मनाचा कोतेपणा समजू नये. ते व्यवहाराचे पथ्य आहे.

देवनागरीचा प्रश्न

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आपल्याकडील पेढ्यांस आणखी एक अडचण होती, ती लिपीची. आरंभी प्रत्येक मराठी वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा टाइप निराळा असे. तो टाइप वाचकाच्या यंत्रावर नसेल, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसे. आणि शोध घेऊ जाता एक मराठी शब्दही सापडत नसे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ पासूनच देवनागरीस स्थान होते, पण ती घरोघरी पोचण्यास वेळ लागला. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा टाइप मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखिला होता, ही आपणां सर्वांस अभिमानाची गोष्ट. पुढे २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला, आणि मराठी मजकूर जगात कोठेही वाचता येईल अशी स्थिती आली.

तथापि आजही मराठी संकेतस्थळ नेटके करणे सोपे नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत केवळ एका रफाराचा फरक; पण एकात गुरू आहे आणि दुसऱ्यात स्वयंपाकी! ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी असतात, आणि टाइपात दोन्ही असली तरी पानावर मराठी भाषेची खूण केली नाही तर हिंदी वळण उमटते. वेलांट्या व मात्रा वर, उकार खाली. म्हणून रोमन ओळींसाठी ठेवलेले अंतर देवनागरीस अपुरे पडते. हे बारकावे ध्यानी घेणारी पेढी मराठी गिऱ्हाइकास जे देऊ शकते, ते परदेशातील शंभर माणसांची कंपनीही देऊ शकणार नाही. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींनी ‘मुक्ता’, ‘बलू’ आणि ‘मोदक’ यांसारखे टाइप मोफत उपलब्ध करून दिल्याने या कामास मोठेच साह्य झाले आहे.

वाढीचे गणित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेढी चांगली चालू लागली, तीन कारागिरांस काम पुरेनासे झाले, तर माणसे वाढवावीत काय? आणि त्यासाठी घर अथवा दागिने गहाण ठेवून कर्ज काढावे काय? हा प्रश्न आज आपल्या अनेक घरांत प्रत्यक्ष उभा आहे, म्हणूनच हा सर्व इतिहास सांगण्याचा प्रपंच.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात एक साधा हिशेब मांडला आहे. तीन माणसांत परस्पर संभाषणाच्या जोड्या तीन. सहा माणसांत पंधरा. बारा माणसांत सहासष्ट. माणसे चौपट झाली, की बोलण्याचा व्याप बावीसपट होतो. म्हणजे माणसे वाढवून काम त्या प्रमाणात वाढत नाही. कोणीतरी केवळ ताळमेळ राखण्यासाठी ठेवावा लागतो आणि बहुधा तो स्वतः संस्थापकच असतो. ज्याच्या हातच्या कलेमुळे पेढी नावारूपास आली, तोच कलेपासून दूर होऊन अंदाजपत्रके आणि वसुली यांत गुंततो.

वसुलीचे तर सांगावे तेवढे थोडे. पगार दर महिन्यास द्यावे लागतात; गिऱ्हाइकाचे पैसे मात्र काम संपल्यावर, पुष्कळदा फार उशिरा येतात. या दोहोंमधील खिंडार कर्जाने भरू लागले, की नफा असूनही पेढी बुडू शकते. येथे एक गोष्ट सर्व तरुणांनी ध्यानात ठेवावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्यान्वये, नोंदणी केलेल्या सूक्ष्म अथवा लघु उद्योगाचे देणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकविता येत नाही; थकविल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा आहे, पण नोंदणी करणे आणि बिले वेळेवर देणे ही जबाबदारी आपली.

इतिहासावरून आम्हांस जे दिसते ते असे. वार्षिक मिळकतीचा मोठा हिस्सा एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल, तर ती पेढी स्वतंत्र नव्हे, ती त्या गिऱ्हाइकाची बिनपगारी कचेरी होय. निदान सहा महिन्यांचे पगार गाठीशी असल्याखेरीज नवे माणूस घेऊ नये. वार्षिक देखभालीची लहान लहान कामे तुच्छ मानू नयेत. मंदीत चूल पेटती ठेवतात ती हीच. आणि राहते घर गहाण टाकून केलेली वाढ ही गिऱ्हाइकाच्या मागणीतून आलेली नसून बहुधा दुसऱ्याच्या बरोबरीच्या ईर्षेतून आलेली असते.

अलीकडे यंत्राची बुद्धी घटकाभरात पाने रचून देऊ लागली आहे, तेव्हा हा धंदा टिकेल काय, अशी धास्ती पुष्कळ पालकांस वाटते. ती अगदीच निराधार नाही. साचेबंद कामाची किंमत निश्चित उतरेल. परंतु गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकून त्याला खरोखर काय हवे ते ओळखणे, ‘आचार्य’ आणि ‘आचारी’ यांतील भेद राखणे आणि दिलेला शब्द पाळणे, या गोष्टींची मागणी मागील तीस वर्षांत प्रत्येक नव्या यंत्राबरोबर वाढतच गेली आहे.

वडीलधाऱ्यांस आमची विनंती इतकीच, की मुलाची अथवा मुलीची पेढी लहान आहे म्हणून तिला कमी लेखू नये, आणि मोठी करण्याची घाईही करू नये. वर्षअखेर हिशेबाची वही मागून घ्यावी, देणे-येणे विचारावे, आणि संध्याकाळी ती माणसे वेळेवर घरी येतात की नाही तेही पाहावे. तरुणांस आमचे सांगणे असे, की आपण काय काम करतो हे आजीस समजेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. ज्यास ते सांगता येते त्याच्या धंद्याचा पाया सहसा पक्का असतो. आपल्या ज्ञातीतील या नव्या पेढ्या आपल्या कष्टाच्या बळावर, कोणाच्या कर्जाखाली न दबता नांदोत, आणि त्यांतून आपल्या भाषेची सुरेख पाने जगापुढे येवोत, ही आमची मनःपूर्वक सदिच्छा.